पाहुण्याला पुडा पुरे

गुणाजी राऊळ दिवसभर मसाला भाजायचा, पण आमच्या कारखान्याचा मसाला स्वतः कधी खायचा नाही. त्याच्याबद्दल मला सगळ्यात आधी हेच कळलं, म्हणून इथून सुरुवात करतो. मला लिहिण्याची सवय नाही. जन्मभर पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पार्सलांवर पत्ते घातले, तेवढाच माझा लेखणीशी संबंध. एक पत्र तेवढं लिहिलं होतं, तेही गुणाजीच्या सांगण्यावरून. ते लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

लालबागला बाबुरावांचं मसाल्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे पत्र्याची लांब शेड, शेडमध्ये दोन डंख. डंख म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली होणारं यंत्र. होळी झाली की आसपासच्या चाळींतल्या बाया मिरच्या, धणे, गरम मसाल्याचं सामान घेऊन यायच्या. मिरच्या घरी वाळवलेल्या, देठ काढलेल्या. इथे भाजून घ्यायच्या आणि डंखासमोर ठाण मांडून बसायच्या. आपल्या मसाल्यात दुसरीची चिमूट पडू नये म्हणून नजर हलू द्यायच्या नाहीत. वर्षाचा मसाला घरी नेला की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पंचावन्न साली बाबुरावांच्या मनात आलं की तयार मसाला पुड्यात घालून विकावा. पिवळा पुठ्ठ्याचा पुडा, आत बटर पेपर, वर नऊवारीतल्या बाईचं चित्र. मला त्यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते यांच्यासाठी ठेवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, करी रोडला राहायचो. पहिलं वर्षभर पुडा खपेना. बाया हातात घेऊन उलटसुलट करायच्या आणि विचारायच्या, "आयता मसाला? ज्याच्या घरात बाई आजारी आहे, त्याला द्या." गिरगावातली, दादरची काही मंडळी न्यायची, पण पिशवीत तळाला पुडा आणि वर मेथीची जुडी. तयार मसाला घेताना कुणी पाहू नये, असे ते दिवस होते.

आज पानपट्टीवरसुद्धा पुड्यांच्या माळा लटकतात. मालवणी वेगळा, आगरी वेगळा, कोल्हापुरी वेगळा, मिसळीचा वेगळा, अंडाकरीचासुद्धा वेगळा. डंखांच्या गल्लीत उन्हाळ्यात अजून गर्दी होते. पण पुष्कळ जणी फोनवरच सांगतात, "दोन किलो, तिखट बेताचं," आणि संध्याकाळी मसाला घरी येतो. यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी सूनही तसंच करते.

गुणाजी आमच्याकडे कढईवर होता. पस्तिशीचा, काटक, तोंडाला पंचा बांधलेला, डोळे बारा महिने लाल. देवगडच्या आतल्या एका वाडीवरचा. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा आणि राधाबाईंच्या खाणावळीत जेवायचा. राधाबाई घाटावरच्या. जाड आवाजाच्या, मनाने मोकळ्या. त्यांच्या एका पातेल्यात एकवीस मेंबरांचं कालवण व्हायचं. गुणाजीही सहा दिवस तेच जेवायचा. रविवारी मात्र बाजारातून चार बांगडे आणायचा आणि सगळ्यांची पंगत उठली की राधाबाईंच्या चुलीवर आपलं छोटं पातेलं चढवायचा. त्यात मसाला पडायचा तो गावाहून आलेला, त्याच्या बायकोने, रखमाने, कांडलेला.

"गुणाजी आज बायकोकडे जेवायला निघाला," मेंबर चिडवायचे.

"निघालंय तर! तुमका कित्याक पोटदुखी?" तो म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचा.

एकदा त्याने मलाही वाढलं होतं. मला चवीतलं फार कळत नाही. तिखट होतं, पण जीभ भाजत नव्हती. मागाहून धण्याचा की आणखी कशाचा वास बराच वेळ तोंडात राहिला. "कसो आसा?" त्याने विचारलं. मी चांगला आहे म्हणालो. त्याला ते कमी वाटलं असावं.

रखमा दर वैशाखात मसाला कांडायची. वाडीतल्या बाया एकमेकींच्या खळ्यात जमून आळीपाळीने सगळ्यांचा मसाला कांडत. ज्यांचे नवरे मुंबईत, त्या नवऱ्याच्या वाटेचा मसाला डब्यात भरून, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवत. रखमाला लिहिता-वाचता येत नव्हतं. वर्षातून एकदा डबा आला म्हणजे घरी सगळं ठीक आहे, असं गुणाजी समजायचा. डब्याचं फडकं सोडायच्या आधी दोन्ही हातांनी धरून वास घ्यायचा.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले. लालबाग-परळला गोळीबार झाला, संचारबंदी लागली. चार दिवस आमची शेड बंद होती. पुढे गावाहून येणारी माणसं सांगू लागली की वाडीवर सगळे घाबरले आहेत, कोण जिवंत, कोण नाही, काही कळत नाही. गुणाजीच्या गावचा शिवा शिमग्याला निघाला तेव्हा गुणाजी माझ्याकडे आला. हातात आमचा पिवळा पुडा होता.

"शामराव, चार ओळी लिवा. मी बरो आसंय म्हणान लिवा. आणि ह्यो पुडो आमच्या कारखान्यातलो, मी भाजलेलो, असा सांगा. तिचे खांदे दुखतत. यंदा माझ्यासाठी कांडू नको म्हणा."

त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. आपण मुंबईत काय काम करतो ते तिने एकदा बघावं आणि तिचे कष्ट कमी व्हावेत. मला लोकांनी पत्र लिहायला सांगितलेलं आवडायचं. मी ते जरा नीटनेटकं केलं. "यापुढे मसाला कांडून पाठवू नये. येथे उत्तम मसाला तयार मिळतो," असं लिहिलं. खांद्यांचं लिहायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं नाही. पत्रात ते बरं दिसणार नाही असं मला वाटलं.

वैशाख आला. शेवटच्या बोटीच्या दिवशी गुणाजी भाऊच्या धक्क्यावर गेला. कांडू नको म्हटलं तरी ती थोडा तरी पाठवील, अशी त्याची खात्री होती. बोटीतून शिवा उतरला. त्याच्याजवळ आंबे होते, फणस होता, तिघांचे डबे होते. गुणाजीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिवा शेडमध्ये आला आणि कढईशी उभा राहून पाय घासू लागला.

"बोल मरे," गुणाजी म्हणाला.

"तू रागाव नको. वाडीत म्हणतत, गुणाजीन मुंबयत दुसरी चूल मांडल्यान."

"कोण म्हणता?"

"सगळेच. ता पत्र सगळ्यांसमोर वाचल्यानी. आपल्यात मसालो नको म्हणता तो कोण, तूच सांग."

मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. गुणाजीला असायला हवं होतं, पण भल्या मनाने काही करताना माणसाला असल्या गोष्टी सुचत नाहीत. त्यांच्या वाडीत मुंबईकराने बायकोचा मसाला नाकारला की त्याचा एकच अर्थ होता. त्याला मुंबईत रांधून वाढणारी दुसरी मिळाली. याआधी दोघांच्या बाबतीत तसंच घडलं होतं. आधी मसाला बंद झाला, मग पैसे, मग माणूस.

गुणाजीला त्या दिवशी धणे करपले. बाबुराव ओरडले. त्याने कढई उतरवून रिकामी केली.

गणपतीला तो गावी गेला. सगळं समजावून सांगेन म्हणून गेला आणि परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. मी विचारलं नाही, पण चार दिवसांनी तोच बोलला. रखमा भांडली नव्हती, रडली नव्हती. त्याच्या पायावर पाणी घातलं, पाट मांडला, वाढलं. पहिला घास घेतला आणि त्याला कळलं. कालवण आमच्या पिवळ्या पुड्यातल्या मसाल्याचं होतं. आठही दिवस तेच.

"मी म्हटलंय, ह्यो कित्याक? तर म्हणाली, तुमका ह्योच आवाडता मा? पत्रात तसाच लिवलेला आसा."

"घरात तिचा मसाला नव्हता?"

"होतो. आतल्या खोलयेत मडको होतो. वास येय होतो. मागूक माका लाज वाटली."

मी म्हणालो, मी दुसरं पत्र लिहितो, सगळं खरं खरं लिहितो. त्याने मान हलवली. "नको, शामराव. कागद नको आता."

ती येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. सत्तावन्नच्या निवडणुकीचे दिवस होते, भिंती घोषणांनी रंगल्या होत्या. अशा एका दुपारी, पंगत बसलेली असताना, राधाबाईंच्या दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. मी त्या दिवशी तिथेच जेवत होतो. तिने आधी चूल पाहिली, मग राधाबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कोण गं तू? जागा नाही. नवा मेंबर घेत नाही मी," राधाबाई म्हणाल्या.

"मी मेंबर नाय. मेंबराची बायल आसंय."

"कुणाची?"

नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? थोडी थांबून म्हणाली, "जो मसालो भाजता, त्येंची."

सगळी पंगत हसली. गुणाजीच्या हातातला घास ताटात पडला. राधाबाईंच्या लक्षात सगळं आलं, कारण ती गोष्ट एव्हाना खाणावळीत सगळ्यांना ठाऊक होती. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अशी बघू नकोस माझ्याकडे. एकवीस जणांच्या बायकांचे शिव्याशाप खाते मी. त्यात एकाला ठेवून घेतला तर बाकीचे वीस मला परवडतील का? आणि ठेवायचाच झाला तर हा? डोळे बघ त्याचे, कोंबड्यासारखे!"

रखमा हसली नाही, पण तिच्या काखेतलं गाठोडं खाली आलं. राधाबाईंनी तिला जवळ बसवून जेवायला वाढलं. तिने दोन घास खाल्ले आणि हळूच विचारलं, "ह्या रोज खातत?"

"रोज. आणि रविवारी स्वतःचं पातेलं मांडायचे, ते वर्षभर बंद आहे."

रखमा नऊ दिवस मुंबईत होती. शिवाच्या भावजयीकडे उतरली होती. एक दिवस शेडमध्ये आली, दाराशी उभी राहिली. धुराने तिला ठसका लागला. गुणाजी कढईवर वाकून उलथणं फिरवत होता, पंच्यावर घामाचे डाग. किती वेळ ती तशीच बघत होती. तिला काय वाटलं मी सांगू शकत नाही. जाताना मला म्हणाली, "पत्र तुमी लिवल्यात?" मी हो म्हटलं. "अक्षर बरा आसा म्हणत होते," एवढंच म्हणाली. खांद्यांचं मी तिला तेव्हा तरी सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.

तिला पोचवायला आम्ही दोघं भाऊच्या धक्क्यावर गेलो. गाठोडं माझ्याकडे होतं. बोट सुटायला वेळ होता. गुणाजीने दोनदा घसा साफ केला.

"आता तुका पटला मा?"

"पटला."

"मगे ह्या वर्सा धाडतलंस? थोडो धाड. वाटीभर."

रखमा पाण्याकडे बघत होती. "नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तेरा वर्सां धाडलंय. डबो हय येता म्हणान तुमी हय ऱ्हवतात. ज्या वर्सा राहाक येशात, त्या वर्सा कांडीन. आठ दिसांच्या पावण्याक पुडो पुरे."

तिने माझ्या हातातून गाठोडं घेतलं आणि ती फळीवरून बोटीत गेली. मागे वळून तिने पाहिलं की नाही, ते गर्दीत दिसलं नाही.

गावी राहायला जायचं म्हणजे काय करायचं? चार गुंठे भातजमीन, म्हातारी आई, कर्ज नव्हतं पण आणखीही काही नव्हतं. त्याने ते मनातच ठेवलं आणि त्याच उन्हाळ्यात बाबुरावांनी त्याला बोलावलं.

"गुणाजी, पिवळा पुडा एकाच चवीचा आहे. कोकणातल्या लोकांना तो गोडसर लागतो. तुमच्या घरी करतात तसा मसाला भाज. हिरव्या पुड्यातून काढू."

गुणाजीला जणू पाहिजे तेच मिळालं. रखमा मसाल्यात काय घालायची ते त्याला ठाऊक होतं, किती घालायची ते नव्हतं. कांडपाच्या खळ्यात पुरुष कधी जात नसत. त्याला फक्त खाल्लेलं आठवत होतं. तेवढ्यावर तो भाजू लागला. मी वहीत मापं टिपून घ्यायचो: बेडगी इतकी, धणे इतके, त्रिफळ, दगडफूल, बडीशेप. रविवारी तो चिमूटभर मसाला पुडीत बांधून राधाबाईंकडे जायचा, बांगडे आणायचा. पातेलं पुन्हा चुलीवर चढू लागलं.

"काय गुणाजी, आज बायको भेटली का?" मेंबर विचारायचे.

"नाय. तो न्हय," तो म्हणायचा. पुढच्या आठवड्यात धणे कमी, त्रिफळ जास्त.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात बाबुरावांना वाटलं, पुरे झालं, आणि हिरवा पुडा बाजारात गेला. तो खपला. नुसता खपला नाही, दादरच्या दुकानदारांची माणसं शेडच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. बायकांनी पिशवीतली मेथी वरून खाली घातली असं मी म्हणणार नाही, पण पुडा उघड हातात घेऊन चालणाऱ्या मी त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिल्या. बाबुरावांनी तिसरा डंख घेतला. पुढे आगरी पुडा आला, मग घाटी. प्रत्येक घरची चव पुड्यात घालता येते असं बाबुराव म्हणायचे. ते म्हणायचे तेव्हा गुणाजी खाली बघायचा.

कारण तो थांबला नव्हता. बाजारात गेलेला मसाला वेगळा, रविवारचा वेगळा. अठ्ठावन्न, एकोणसाठ, दोन्ही वर्षं तो दर रविवारी मापं बदलत राहिला. गणपतीला गावी जायचा, आठ दिवस पुड्यातलं कालवण जेवून यायचा. आता हिरव्या पुड्यातलं.

"तिका सांगलंय, ह्यो मी केलंय. तुझ्यासारखो करूक बघतंय," एकदा म्हणाला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बघा." तो हसला. "आतल्या खोलयेत मडको तसोच आसा."

साठ सालच्या चैत्रातला एक रविवार मला नीट आठवतो. त्याने नेहमीसारखा बांगडा शिजवला, भिंतीकडे तोंड करून जेवला. मी राधाबाईंशी बोलत होतो. "तो न्हय" ऐकू येईल म्हणून माझा एक कान तिकडे होता. आलं नाही. त्याने ताट पुसून घेतलं, हात धुतला आणि बाहेर कठड्याशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, जमलं. मी आनंदाने जवळ गेलो.

"झाला का तिच्यासारखा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल तर नेहमीच असायचे, त्यामुळे मला आधी काही कळलं नाही.

"शामराव, माका कळणा नाय."

"म्हणजे?"

"ह्यो तिचो काय माझो, ता माका कळणा नाय. चार वर्सां झाली. तिचो कसो होतो ता... आठवूक गेलंय की ह्योच येता तोंडात." त्याने तोंडावरून हात फिरवला, जसं काही लागलं असावं आणि ते पुसायचं असावं. "मीच पुसून टाकलंय."

काळाने नव्हे, दर रविवारी थोडं थोडं करून त्याने स्वतःच्या हाताने तिची चव घालवली होती. आणि तिच्या हातचा मसाला ज्या मडक्यात होता ते तिकडे गावी त्याच्यासाठी बंद होतं.

महिन्याभराने महाराष्ट्र राज्य झालं. लालबागला रोषणाई, लेझीम, दारादारांत रांगोळ्या. ऐन मसाल्याचा मोसम, तरी बाबुरावांनी डंख एक दिवस बंद ठेवले आणि सगळ्यांना पेढे वाटले. गुणाजीने पेढा खाल्ला, बाबुरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, मी जातो.

"कुठे?"

"घराक."

"गणपतीला जा की! अरे, दीडशे किलोची ऑर्डर आहे. कढईवर कोण उभा राहील? वेड लागलंय तुला?"

"शामरावांच्या वहीत सगळा आसा," तो म्हणाला.

ते खरं होतं. हिरवा पुडा पुढे कितीतरी वर्षं त्या वहीवरून निघाला, आणि कुणालाही फरक कळला नाही.

दोन दिवसांनी तो बोटीत बसला. ट्रंक एक आणि वळकटी एक. राधाबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली होती. "परत आलास तर जागा नाही मिळायची," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. धक्क्यावर मी त्याला विचारलं, गेल्या गेल्या कळेल ना तुला? पहिल्या घासाला? तो म्हणाला, "बघूया." त्याला त्याची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर शिवा गावाहून आला. मी त्याला मुद्दाम गाठलं.

"गुणाजी कसा आहे?"

"आसा बरो. खळ्यात बसता. तो भाजता, ती कांडता. बायलो हसतत त्येका, तरी उठणा नाय."

"आणि मसाला? तिचा, जुना? कळला त्याला?"

शिवाने थोडा विचार केला. "इचारलंय मी. म्हणता, तोच आसा काय दुसरो, माका सांगूक येणा नाय. चुकलो काय बरोबर, रखमाक इचारतंय. ती म्हणता, जेवा गप."

"मग?"

"मग जेवता."

त्यानंतर शिवाची मिल बदलली आणि त्या वाडीची खबर येणं थांबलं. पत्रातून गाळलेलं खांद्यांचं रखमाला सांगावं म्हणून मी दोनदा भाऊच्या धक्क्यावर देवगडचं तिकीट काढायला म्हणून गेलो होतो. एकदा रांगेत बराच पुढेही गेलो होतो.